सर्व्हर बिघडला की मेल कोणी पाठवायचा: लॉगवॉच, लॉगचेक की आरसिसलॉग?

हाताशी एक-दोन लिनक्स सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस एकच, असं असेल तर मोठी मॉनिटरिंग यंत्रणा उभी करायची गरज नाही. सर्व्हरचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, पाहून मेल करणाऱ्या फुकटच्या या तीन प्रोग्रॅममधून निवडता येतं.

लॉगवॉच साधारण दिवसातून एकदा सारांश पाठवतो. किती एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरण्याची सोय) लॉगिन फसले, डिस्क किती भरली, हे सकाळी चहासोबत वाचायला छान. पण रात्री दोनला डेटाबेस पडला तर सकाळीच कळणार. अलर्टसाठी तो बाद.

लॉगचेकची रीत उलटी. डेबियनवर तो तासाला एकदा लॉग चाळतो, ओळखीच्या निरुपद्रवी ओळी गाळतो आणि उरलेलं सगळं मेल करतो. म्हणून ज्या बिघाडाचा विचारही केला नव्हता तोही सापडतो. मात्र सुरुवातीला गाळणीचे नियम चिकाटीने लिहावे लागतात. ते टाळले तर माणूस थोड्याच दिवसांत मेल न उघडता डिलीट करू लागतो आणि खरा इशाराही त्यातच जातो.

आरसिसलॉग हा लॉग लिहिणारा प्रोग्रॅमच आहे; त्याचं ओममेल मॉड्यूल (मेल पाठवणारा जोडभाग) मात्र ओळ येताक्षणी मेल टाकतं. माझ्या मते आधी हेच बसवा, पण नीट. एकच चूक मिनिटात शंभरदा आली तर शंभर मेल येतील. म्हणून अर्ध्या तासात एकच मेल जाईल अशी मर्यादा घाला. बाकीच्या ओळी लॉगमध्ये राहतातच.

कोणत्या गंभीरतेच्या ओळीवर मेल जावा, ती पातळी ठरवताना जास्त जपा. सिसलॉग या लॉगच्या ठरीव पद्धतीत ० सर्वांत गंभीर, ७ सर्वांत किरकोळ. क्रिटिकल म्हणजे २. ईएक्सटी४ फाइलसिस्टिमची (डिस्कवर फाइली ठेवण्याच्या रचनेची) चूक २ वर नोंदली जाते, पण मेमरी संपल्यामुळे कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मारली की ती नोंद ३ वर येते. फक्त क्रिटिकलची चाळणी लावली तर ती निसटेल. त्यासाठी ‘आउट ऑफ मेमरी’ या शब्दांवर वेगळा नियम हवाच.

ओममेलला पासवर्ड देऊन बाहेरच्या मेल सर्व्हरवर लॉगिन करता येत नाही. मध्ये त्याच सर्व्हरवर पोस्टफिक्स हा मेल पोचवणारा प्रोग्रॅम ठेवा; तो पासवर्ड देऊन ५८७ पोर्टवरून मेल पुढे पाठवेल. मेलचा नेहमीचा २५ पोर्ट बऱ्याच क्लाउडवर बंदच असतो.

आणि डिस्क पूर्ण भरली तर? पोस्टफिक्स जागेअभावी नवा मेल घेतच नाही. ज्या क्षणी मेल हवा, नेमका तेव्हाच तो अडकतो. त्यामुळे तिघांपैकी काहीही निवडलं तरी दुसऱ्या मशीनवरून दर पाच मिनिटांनी या सर्व्हरची मोकळी जागा तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावा, आणि मेल त्या मशीनवरूनच जाऊ द्या.