मे महिन्यातल्या मुक्कामासाठी आइस बॉक्स: आधी झाकण बघा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि सातपुड्यात मुक्कामाला जाणारी मंडळी शाळांना सुट्टी लागली की नेमकी याच दिवसांत निघतात. पाल असो की तोरणमाळ, दूध, दही, चिकन आणि प्यायचं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकवणं हे खरं काम असतं. आइस बॉक्सच्या खोक्यावर ‘इतके तास थंड’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, पण तेव्हा बाहेर किती तापमान धरलं होतं ते बहुधा छापलेलं नसतं. इथल्या उन्हाला तो आकडा लावू नका. दुकानात मागतानाही ‘आइस बॉक्स’च म्हणा, नुसतं ‘कूलर’ म्हटलं की खान्देशात पंख्याचा कूलरच पुढे येतो.

स्वस्त बॉक्समध्ये सगळ्यात मोठी खोट झाकणात निघते. भिंतींत फोम भरलेला असतो आणि झाकण मात्र आतून पोकळ. बोटाने टकटक केलं की लगेच कळतं: फोम असेल तर आवाज दबका येतो, पोकळ असेल तर डबा वाजवल्यासारखा. दुसरी चाचणी कागदाची. कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी ती थोडी अडली पाहिजे. सहज सरकली तर त्या बाजूने गार हवा गळणार. घरी आणल्यावर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च आत लावून झाकण बंद करा, फट असेल तिथून उजेड दिसतो. खाली पाणी सोडायचं बूच असेल तर रात्रभर पाणी भरून ठेवा. तिथला रबरी वॉशर हलका असला की डिकीतली चटई सकाळपर्यंत भिजलेली मिळते. ही पाहणी बिल फाडण्याआधी जमेल तेवढी दुकानातच करा.

झाकणानंतर भिंतीची जाडी. २५ लिटरचा बॉक्स सावलीत ठेवला आणि दिवस-रात्रीचं सरासरी तापमान ३६ अंश धरलं, तर २५ मिलिमीटर पीयू (पॉलियुरेथेन) फोमच्या भिंतींतून जी उष्णता आत येते तिला दिवसाला साधारण साडेचार ते पाच किलो बर्फ लागतो. तेवढ्याच जाडीच्या थर्माकोलला सहा ते सात किलो. फोमची जाडी वाढवली की हा खर्च सरळ उतरतो, म्हणून दोन बॉक्सच्या किमतीत दोन-तीनशेचा फरक असेल तर जाड भिंतीचाच घ्या. रंग पांढरा किंवा फिका बघा, गडद निळा-लाल बॉक्स उन्हात फार तापतो.

थर्माकोलची पेटी औषधाच्या दुकानात स्वस्तात, कधी फुकटही मिळते, आणि एका दिवसाच्या सहलीला ती पुरते. घाटात हादरे बसले की तिचे कोपरे तुटतात, म्हणून बाहेरून पॅकिंग टेप गुंडाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवा आणि आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला. पेट्रोलच्या कॅनजवळ मात्र ठेवू नका. पेट्रोलचे थेंब पडले तर थर्माकोल विरघळतो. मऊ कापडी कूल बॅग जेवणाच्या डब्यापुरती ठीक, मुक्कामाला नाही.

गाडीच्या सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक पेट्या दिसायला छान असतात. त्यांच्यातला पेल्टिअर प्रकार, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय विजेच्या चकतीने गार करणारा, बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जातो. बाहेर ४३ असेल तर आत २३ ते २८. यात दूध टिकत नाही. शिवाय ती चार-पाच अँपिअर ओढते, म्हणजे इंजिन बंद ठेवून आठ तास चालवली तर ४५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी जवळजवळ रिकामी, आणि सकाळी गाडीला धक्का. कॉम्प्रेसरवाले फ्रिज खरोखर थंड करतात, पण त्यांची किंमत परवडणाऱ्या यादीत बसत नाही.

आमची पसंती अशी: खाण्यासाठी २० ते २५ लिटरचा, फोमचं झाकण असलेला साधा प्लास्टिक बॉक्स, आणि पाण्यासाठी लग्नकार्यात असतो तसा वेगळा कॅम्पर. सेलो-मिल्टनसारख्या ओळखीच्या नावांत दोन्ही मिळतात. कॅम्पर रुंद तोंडाचाच घ्या, म्हणजे गोठवलेली एक लिटरची बाटली आत जाते. पाणी वेगळं ठेवायचं कारण साधं आहे: पाण्यासाठी दिवसात पन्नास वेळा हात जातो, चिकनसाठी दोनदा.

झाकण उघडलं की बर्फ संपतो, असं सगळेच सांगतात, पण एका उघडण्याचा हिशेब छोटा आहे, पन्नासदा उघडलं तरच तो जाणवतो. २५ लिटर हवा पूर्ण बदलली तरी त्या हवेतली उष्णता पाच-सहा ग्रॅम बर्फाच्या वर खात नाही. बर्फ खातात त्या आत टाकलेल्या कोमट बाटल्या. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. ३५ अंशांचं दहा लिटर पाणी ५ अंशांवर आणायला ३०० किलोकॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे पावणेचार किलो बर्फ तिथेच गेला. म्हणून बॉक्समध्ये जाणारी प्रत्येक वस्तू आदल्या रात्री फ्रिजमधून निघालेली हवी. बॉक्सही गार हवा: रात्रीच दोन गोठलेल्या बाटल्या आत ठेवून झाकण लावा.

एका मुक्कामाला आठ किलो बर्फ धरा. निम्मा घरच्या बाटल्यांचा. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, गोठताना पाणी ९ टक्के फुगतं आणि बाटली फाटते. बाटल्या २४ तास आधी फ्रीजरला लावा, लाइट जाण्याचा अंदाज धरून आणखी लवकर. उरलेला बर्फ कारखान्यातून लादीचा अखंड तुकडा आणा. चुरा किंवा क्यूब लवकर वितळतात. निळसर बर्फ खाण्यासाठी नसतो. महाराष्ट्रात २०१८पासून अखाद्य बर्फाला तो रंग घालतात. बाहेरून गार करायला चालेल, पण उसाच्या रसात किंवा ताकात टाकू नका. तोरणमाळला जाणार असाल तर बर्फ शहाद्यातच भरून घ्या, घाट चढल्यावर शोधू नका.

भरताना तळाला लादी, तिच्यावर घट्ट बंद डब्यात गोठवलेलं चिकन, मग दुधाच्या पिशव्या आणि दही, वरून बाटल्या. मोकळी जागा राहिली तर टॉवेल कोंबा. केळी आत ठेवू नका, १३ अंशांखाली साल काळी पडते. भरताची वांगी, कांदे, काकडी बाहेरच. कोणाचं इन्सुलिन असेल तर कापडात गुंडाळून सगळ्यात वर ठेवा. बर्फाला टेकून ते गोठलं तर निकामी होतं.

आता फुकटातला सगळ्यात मोठा फायदा. बॉक्सभोवती गुंडाळलेलं ओलं बारदान. कोरड्या हवेमुळे जळगावात पंख्याचा कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, तीच गोष्ट इथे कामी येते. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या बारदानाची पाठ २५ अंशांच्या आसपास उतरते. मग उष्णता ४३ अंशांवरून नव्हे, २५ वरून आत येते, आणि दुपारचं वितळणं तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कमी होतं. बॉक्स दोन विटांवर, झाडाच्या सावलीत, वारा लागेल असा ठेवा आणि तासाभराने बारदानावर तांब्याभर पाणी शिंपा. बंद गाडीत हे जमत नाही, तिथे वारा नसतो आणि ओल कोंडते. पावसाळ्यातही उपयोग नाही.

वितळलेलं पाणी लगेच सोडू नका. बर्फाचा तुकडा आत आहे तोवर ते पाणी ० अंशाच्या जवळच असतं आणि बाटल्यांना चारही बाजूंनी धरून ठेवतं. नवीन बर्फ टाकायचा असेल किंवा डब्यात पाणी शिरायची भीती असेल तेव्हाच बूच काढा. पाण्यात बर्फ उरला नसेल आणि बाटली हाताला कोमट लागत असेल, तर दूध तिथेच उकळून चहाला लावा. चिकन केव्हापासून कोमट झालं हे सांगता येत नसेल तर ते टाकून द्या.

घरी आल्यावर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने बॉक्स पुसा, बूच काढून उन्हात नाही तर वाऱ्यावर वाळवा, आणि माळ्यावर टाकताना झाकणात एक काडी अडकवून फट ठेवा. गच्च बंद करून ठेवला तर आत बुरशी धरते आणि पुढच्या उन्हाळ्यात दह्याला तो वास लागतो. वॉशर मात्र काढून किचनच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. हरवला तर त्याच मापाचा मिळणं अवघड आहे.