पॅनारेसर ग्रॅव्हलकिंग एसके ७००×४३ टायर: नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात कसा चालतो

गंगापूर रोडने गोवर्धन, पुढे गिरणारे आणि तिथून काश्यपी धरणाकडे किंवा त्र्यंबकच्या अंगाला ग्रॅव्हल सायकल (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारी) न्यायची असेल, तर फ्रेम कार्बनची घ्यावी की अ‍ॅल्युमिनियमची यावर डोकं खपवण्याआधी टायर ठरवा. गोदावरीच्या या वरच्या खोऱ्यात चढ फार लांबलचक नाहीत. पेडलपाशी ४६ आणि ३० दातांची चक्रं (४६/३० क्रँक) आणि मागे ३४ दाती चक्र असेल, तर बहुतेक चढ बसून निघतात. माणूस खोळंबतो तो काट्यांनी, सुट्या खडीने आणि ओल्या मातीने. या तिन्हींशी गाठ पडते ती टायरचीच.

पॅनारेसर ही जपानी कंपनी. ग्रॅव्हलकिंग मालिकेतल्या एसके प्रकाराला मधोमध बुटके, चौकोनी, एकमेकांना खेटून बसवलेले खिळे, म्हणजे रबराचे उंचवटे, आहेत आणि कडांना ते जरा मोकळे होतात. २०२४ मध्ये मालिका नव्याने आली तेव्हा मापं बदलली आणि ४३ मिमी रुंदीच्या आगेमागे ४० आणि ४५ आले. इथे जे लिहिलं आहे ते जुन्या ४३ बद्दल आहे, पण हवेचा दाब आणि बसवण्याची रीत ४५ लाही लागू पडते. साधा आणि ‘प्लस’ यांत निवड करायची असेल तर ‘प्लस’ लिहिलेला घ्या. त्यात पंक्चर रोखणारा जादा थर असतो. वजन थोडं वाढतं, टायर जरा ताठ लागतो, पण सराट्यांच्या मुलखात हा सौदा निःसंशय फायद्याचा आहे.

डांबरावर हा टायर चकित करतो. मधले खिळे जवळजवळ असल्यामुळे घरघर कमी आणि वेगही फारसा मरत नाही. नाशिककरांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण शहरातून निघून पहिला मुरूम लागेपर्यंत डांबरच तुडवायचं असतं. मुरमाच्या घट्ट रस्त्यावर, म्हणजे कालव्याच्या कडेच्या किंवा दोन बागांमधल्या पाणंदीवर, तो सर्वांत सुखाचा. कोरड्या लाल मातीच्या वळणावर सायकल कलती केली तरी कडेचे खिळे धरून ठेवतात. त्याची एक खोड मात्र आहे: खिळ्यांच्या फटीत बारीक खडे अडकतात आणि वेग आला की फ्रेमच्या खालच्या नळीवर तडतड आपटतात. तिथे आधीच पारदर्शक चिकटपट्टी लावून घ्या, रंग वाचतो.

खडीकरण झालेला पण डांबर न पडलेला रस्ता ही वेगळी गोष्ट. बोटाएवढे सुटे, धारदार दगड पसरलेले असतात आणि त्यावर रोलर नीट फिरलेला नसतो. तिथे ४३ मापाचा टायर काठावर पास होतो. हवा कमी असेल तर रिमला दगड लागतो, जास्त असेल तर पुढचं चाक उडत राहतं. शिवाय बाजूची भिंत कापली जाण्याचा धोका इथेच सगळ्यांत जास्त. ट्रॅक्टरच्या चाकोरीत दगड दबलेले असतात, ती धरा, आणि उताराला पुढचा ब्रेक बोटभरच लावा. रोजची वाट अशीच असेल, तर ५० मापाचा टायर बसणारी फ्रेम शोधलेली बरी.

आता हवा. स्वार, सायकल आणि पाणी मिळून ७५ किलो असेल तर पुढे २७ आणि मागे ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). ८५ किलोला ३० आणि ३३. ९५ किलोला ३४ आणि ३७. हे आकडे ट्यूबलेससाठी, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरसाठी आहेत. आत ट्यूब असेल तर ५-६ पीएसआय वाढवा, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून दोन समांतर भोकं पडतात. वाट बहुतांश डांबराची असेल तर ४-५ वाढवा, सुट्या मुरमाला २-३ उतरवा. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका. साधा डिजिटल गेज घ्या, कारण या टप्प्यात ३ पीएसआयचा फरकही हाताला जाणवत नाही, पण चाकाला जाणवतो.

हा टायर ट्यूबलेस करूनच वापरावा असं ठाम मत आहे. या भागात बागेच्या बांधावर बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्यांची कुपाटी घालतात. ती वाळली, मोडली की काटे वाटेवर येतात. त्यात सराटे. हिवाळ्यात वेल वाळला की काटेरी फळं सुटी होतात आणि टायरला डझनाने चिकटतात. ट्यूबवर जाणाऱ्याला एका फेरीत दोन-तीन पंक्चर सहज होतात. ट्यूबलेसमध्ये सराट्याचं भोक सीलंट (टायरमध्ये ओतलेला, भोक बुजवणारा द्रव) काही सेकंदांत बुजवतं. बाभळीचा लांब काटा वेगळा. तो सरळ उपटू नका. आधी चाक फिरवून काटा खालच्या बाजूला आणा, म्हणजे सीलंट तिथे साचतं, मग काढा. टोक आत मोडलं असेल आणि पुढे कधी ट्यूब घालायची वेळ आली, तर टायरच्या आतून कापड फिरवून टोक शोधा. बोट फिरवू नका. ते टोक राहिलं तर नवी ट्यूब हवा भरतानाच फुटते.

बसवताना बहुतेकांचं चुकतं ते रिमच्या टेपवर. रिम आतून २३ मिमी रुंद असेल तर टेप २५ मिमीची हवी. रिम स्पिरिटने पुसून कोरडी करा, व्हॉल्व्हच्या भोकाच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा, टेप ताणून दोन वेढे द्या आणि कडा अंगठ्याने दाबत न्या. फुगा राहिला तर हवा तिथूनच स्पोकच्या भोकात शिरते आणि आठवडाभर गळतीचं कारण सापडत नाही. व्हॉल्व्हसाठी तापवलेल्या खिळ्याने भोक पाडा, ब्लेडने चीर देऊ नका, चीर पुढे फाटत जाते. मग टायर चढवा, कडांना साबणपाणी लावा, व्हॉल्व्हचा गाभा काढा आणि कॉम्प्रेसरने हवा द्या. दोन्ही बाजूंनी ‘टप्प’ असा आवाज येऊन कड बसली पाहिजे. ती बसत नसेल तर एक रात्र ट्यूब घालून फुगवून ठेवा, दुसऱ्या दिवशी एकच बाजू सोडवून ट्यूब काढा, उरलेली बाजू लगेच बसते.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला प्रेस्टा व्हॉल्व्ह (सायकलचा बारीक, लांबट व्हॉल्व्ह) चालत नाही. पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात ठेवा, आणि हवा भरायला सांगताना आकडा स्पष्ट सांगा. मोटारसायकलच्या सवयीने हात चालतो आणि टायरच्या कडेला छापलेली कमाल मर्यादा दोन सेकंदांत ओलांडली जाते.

सीलंट एका चाकात ७० ते ९० मिली. नाशिकच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात ते दीड-दोन महिन्यांत आटतं आणि आत रबराची गोळी होते. महिन्याला एकदा चाक कानाशी हलवा, खळखळ ऐकू आली नाही तर ४० मिली भरा. सोबत प्लगची (भोकात खुपसायच्या रबरी पट्ट्यांची) किट, एक ट्यूब, दोन लिव्हर, हातपंप आणि जुन्या टायरच्या बाजूच्या भिंतीचा चार बोटांचा तुकडा असू द्या. भिंत कापली गेली तर आतून हा तुकडा लावूनच घरी पोहोचता येतं.

आता या टायरचं खरं वैगुण्य: चिखल. जून ते सप्टेंबर आणि परतीचा पाऊस लांबला तर ऑक्टोबरही, बागांमधल्या काळ्या मातीत हा टायर नेऊ नका. खेटलेल्या खिळ्यांत माती बसते, चाक गुळगुळीत होतं, मग थर वाढत फोर्क आणि मागच्या नळ्यांमध्ये अडकून चाक फिरायचंच थांबतं. जोर लावून पेडल मारलं तर डिरेलर (गियर बदलताना साखळी सरकवणारा भाग) वाकतो. मोठ्या खिळ्यांचा टायरही या मातीत थोडाच वेळ जास्त टिकतो, त्यामुळे पावसाळ्यात डांबर बरं. पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन पडू द्या. लाल मुरूम आधी वाळतो, काळी माती उशिरा. फ्रेममध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळी जागा आहे का ते आधी मोजा. रुंद रिमवर हा टायर लिहिलेल्या मापापेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर जास्त भरू शकतो.

द्राक्षाच्या हंगामाचा हिशेबही ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर काड्या ओळींमध्ये आणि वाटेवर पडलेल्या असतात. एक काडी स्पोकमध्ये शिरून डिरेलरमध्ये गुंतली की हँगर (डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा) मोडतो, म्हणून जादा हँगर बाळगा. मांडवाच्या तारांचे कापलेले तुकडेही तिथेच असतात, आणि तारेने पडलेल्या भोकाला प्लगच लागतो. छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी फवारण्या सुरू होतात. ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू दिसला तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा, तुषार बसेपर्यंत पुढे जाऊ नका. वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. तेव्हा अरुंद पाणंदीत क्रेटने भरलेला ट्रॅक्टर समोर आला तर उतरून बाजूला व्हायचं आपण. बाग खासगी असते. “दादा, बांधावरून जाऊ का?” एवढं विचारलं की बहुधा वाट मिळते, कधी कधी पुढच्या वाटेची माहितीही. वायनरीतली चव सायकल लावून दिवस संपल्यावरच घ्या.

मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर झिजतो. मधले खिळे सपाट झाले की पुढचा टायर मागे घ्या आणि नवा पुढे घाला. नवा टायर मागे घालण्याची चूक नको, कारण वळणावर जास्त पकड लागते ती पुढे. टायर काढाल तेव्हा टेप आणि व्हॉल्व्हचा रबरी बूडही तपासा आणि आतली सीलंटची साल सोलून टाका.