एएफपी की फिब-4?

बर्डीवरून काकाजींचा फोन: हेपॅटायटिस सीच्या गोळ्या संपल्या, व्हायरस गेला, आता लिव्हर कॅन्सरच्या धोक्यासाठी एएफपी (लिव्हर कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी) करू की फिब-4 (लिव्हरवरच्या व्रणांचा अंदाज देणारा हिशोब)?

खर्चात फिब-4 जवळजवळ फुकट. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरची एन्झाइम, प्लेटलेट; सगळं जुन्याच रिपोर्टात सापडतं. वय गुणिले एसजीओटी, त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं भागायचं. काकाजींचं वय 62, एसजीओटी 40, एसजीपीटी 36, प्लेटलेट 1 लाख 10 हजार. उत्तर 3.76. दोन्ही एन्झाइम जवळपास नॉर्मल, तरी आकडा 3.25 च्या वर, म्हणजे लिव्हरवर व्रण बरेच असावेत. धोका तिथूनच येतो, व्हायरस गेल्यावरही. मात्र वय गुणाकारात असल्यानं म्हाताऱ्यांचा आकडा थोडा फुगतो.

एएफपीला वेगळे पैसे. व्हायरस अंगात असताना नुसत्या सुजेनंही ती वाढते, म्हणून उपचारानंतरचीच धरा. तरी लहान गाठीत ती नॉर्मल येऊ शकते. ‘एएफपी नॉर्मल, सुटलो बाप्पा’ म्हणू नका.

पुढे किती धोका, हे पाहायला फिब-4. सिरोसिस (व्रणांनी लिव्हर कडक होणं) असेल तर दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी, जोडीला एएफपी. तिथं फिब-4 कमी आला तरी सोनोग्राफी सुटत नाही. काकाजी, तुम्ही आकडा घेऊन आधी लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा.