सत इसबगोल : आठ महिने रोज घेतल्यावरचा रिव्ह्यू (पाणी पिणार असाल तरच घ्या)

रेटिंग ५ पैकी ४. औषधाच्या दुकानात गर्दी ओसरायची वाट बघून मग हळू आवाजात "पोट साफ व्हायला काहीतरी द्या" असं मागणाऱ्या सगळ्या बायकांसाठी हे लिहितेय, मी पण तशीच मागायचे आणि त्यापायी नको ते घेत बसले. तेव्हा जरा मोठं होईल पण वाचा.

मी बदलापूरला राहते, ऑफिस फोर्टला. सव्वासहाची गाडी पकडायची म्हणजे साडेचारला उठणं, तीन डबे, पाणी भरणं, आणि सगळं उरकून चहा घेतला की पोटात हालचाल सुरू व्हायची ती नेमकी निघायच्या वेळेला. मग कळ दाबायची आणि स्टेशन गाठायचं. गाडीत दीड तास काही सोय नाही, ऑफिसात आमच्या मजल्यावर बायकांसाठी एकच टॉयलेट आणि बाहेर कायम कोणीतरी उभं, तिथे दहा मिनिटं बसायची हिंमतच होत नाही. पाणी पण मुद्दाम कमी प्यायचं कारण प्रवासात लघवीला कुठे जाणार. हे असं दहा-बारा वर्षं चाललं. आधी एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी, मग चार, आणि झालं तरी खडे खडे, जोर करून करून घाम फुटायचा आणि तरी कोठा जडच.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी असाच जोर करताना आतून काच फिरावी तशी कळ गेली आणि खाली बघते तर लालभडक रक्ताचे थेंब. मूळव्याधच झाली असं मी धरून चालले, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या त्या जाहिराती रोज डोळ्यासमोर असतातच. घरात कोणाला सांगितलं नाही. ऑफिसातल्या एकीने तिचं चूर्ण दिलं, रात्री एक चमचा घेतला की सकाळी पोटात मुरडा येऊन एकदम साफ, पहिले दोन आठवडे वाटलं सुटले बाई. मग एका चमच्याचे दोन झाले, आणि एक दिवस मुरडा आला तो ठाण्याला गाडीत गच्च गर्दीत, घाटकोपरला उतरून जागा शोधेपर्यंत जीव जायची वेळ आली. डबा उलटा करून वाचला तर सोनामुखी. चूर्ण फसवं होतं असं नाही, सोनामुखी हे जुनं आणि खरं रेचक आहे, पण ते मोठ्या आतड्याला चाबूक मारून हलवतं, ते अधूनमधून घ्यायचं, कोणाला न विचारता रोजचा रतीब लावायचा नाही. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

शेवटी बसवेना तेव्हा कल्याणच्या एका सर्जन मॅडमकडे गेले. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या मूळव्याध नाहीये, फिशर आहे, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर. वरून कडक खडा जातो, चीर उलते, दुखतं म्हणून तुम्ही परत जायचं टाळता, टाळलं की खडा अजून कडक. मग विचारलं, "किती वर्षं थांबवताय?" मला एकदम रडायलाच आलं, कारण हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता.

मॅडमनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने आतड्याचं चित्र काढलं, तो कागद अजून जपून ठेवलाय. त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दात सांगते. आपण दिवसभरात खाऊन-पिऊन साधारण २ लिटर पाणी आत घेतो, पण लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे रस मिळून लहान आतड्यात रोज ८-९ लिटर द्रव उतरतो. त्यातलं बहुतेक सगळं लहान आतडंच परत शोषून घेतं, मोठ्या आतड्यात साधारण दीड लिटर पोचतं, आणि बाहेर पडतं ते फक्त १०० ते २०० मिली. म्हणजे ते दीडेक मीटरचं मोठं आतडं दिवसभर पाणी ओढायचंच काम करतंय. मळ तिथे जितका जास्त वेळ पडून राहील तितका तो कोरडा होत जाणार. मी रोज सकाळी कळ दाबत होते म्हणजे त्या पाणी ओढणाऱ्या नळीत तो अजून एक दिवस ठेवून देत होते, आणि वरून पाणी पण पीत नव्हते! आणि चहानंतर येणारी ती कळ काही योगायोग नाही, पोटात काही पडलं की मोठं आतडं आपोआप ढकलायला लागतं आणि सकाळी ते सगळ्यात जोरात असतं. तीच वेळ मी रोज घालवत होते. वारंवार दाबलं की कळेची जाणीवच हळूहळू बोथट होते असंही त्या म्हणाल्या. सोबत थायरॉइड तपासायला लावलं, कारण थायरॉइड कमी असला तरी आतडी मंद होतात, आणि निघालाच, थोडा होता. वरून लावायचं मलम, कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा बसणं, आणि इसबगोल.

आता मालाबद्दल. हे काही केमिकल नाही, इसबगोल नावाच्या रोपाच्या बियांवरची भुशी आहे. फारसीत अस्प म्हणजे घोडा आणि गोल म्हणजे कान, बी घोड्याच्या कानासारखं दिसतं म्हणून हे नाव. पीक रब्बीतलं, गुजरात राजस्थानात होतं, ऊंझाच्या बाजारात येतं, सिद्धपूरला त्याच्या गिरण्या आहेत, आणि जगात सगळ्यात जास्त इसबगोल आपल्याच देशात पिकतं. भुशी हाताला एकदम हलकी, पांढरट गुलाबीसर, कोंड्याच्या बारीक पापुद्र्यासारखी, वास जवळजवळ नाही, चव नाही. चांगल्या मालात काळे-तपकिरी कण फार दिसत नाहीत, बोटात चोळली तर पीठ होऊन सांडत नाही.

पहिल्या आठवड्यात मी याची पुरती वाट लावली. मॅडमनी सांगितलं होतं पूर्ण ग्लासभर पाण्यात, पण मला सवय चूर्णाची, चमचा तोंडात टाकला आणि वर दोन घोट पाणी. टाळ्याला आणि घशाला असं चिकटलं की श्वास अडकल्यासारखं झालं, आणि तीन दिवस पोट दगडासारखं, गुबारा धरलेला, झालं काहीच नाही. मी तर पाकीट फेकायला निघाले होते. मग एका रात्री स्टीलच्या ग्लासात पाणी घेऊन एक चमचा ढवळला आणि तेवढ्यात फोन आला, बोलून परत आले वीसेक मिनिटांनी तर ग्लासात पाणी उरलंच नव्हतं, सगळा गिळगिळीत गोळा, चमचा सोडला तर उभाच राहिला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एवढ्याशा चमचाभर भुशीने ग्लासभर पाणी धरून ठेवलं, मग मी कोरडी गिळली तेव्हा तिने ते पाणी कुठून घेतलं असेल?

हेच तिचं काम आहे. पाणी धरून ठेवायचं, लहान आतड्यातून, मोठ्या आतड्यातून, शेवटपर्यंत. मोठ्या आतड्यातले जिवाणू बाकीचं बरंच फायबर खाऊन त्याचा गॅस करतात, हिला ते फारसे तोडू शकत नाहीत, म्हणून ती पाण्यासकट खालपर्यंत पोचते, मळ मऊ राहतो, जाडसर होतो, आतड्याची भिंत ताणली जाते आणि ते आपणहून ढकलतं. चाबूक नाही, मुरडा नाही. म्हणूनच एका रात्रीत काही होत नाही, १२ तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो, आणि लोक दुसऱ्याच दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. आणि हो, जुलाबात दह्यातून इसबगोल देतात ते पण खरंय, तिथे हीच भुशी आतलं सुटं पाणी शोषून घेते. मला आधी वाटायचं दोन्हीवर एकच औषध कसं काय चालेल.

मी आता असं घेते. रात्री जेवणानंतर तासाभराने, सुरुवात अर्धा चमचा, आठवड्याने एक, आता दीड. मोठा ग्लास पाणी, टाकायचं, ढवळायचं, फुगायच्या आत लगेच प्यायचं आणि वर अजून एक ग्लास. कोमट दुधातून पण घेऊन बघितलं, चालतं, पण मला पाण्यातच बरं वाटतं. झोपायला आडवं व्हायच्या अगदी आधी घेऊ नका, छातीत अडकल्यासारखं होतं. दुसऱ्या गोळ्या आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी त्या गोळ्यात अडकते आणि नीट लागू पडत नाही. माझी थायरॉइडची सकाळी उपाशीपोटी असते, म्हणून हे रात्री.

फरक? पहिला आठवडा वाया गेला तो सोडून, दुसऱ्या आठवड्यात थोडा गॅस आणि फुगल्यासारखं, तिसऱ्यापासून खडे बंद. दीड महिन्यात चीर भरली. आता रोज सकाळी होतं, जोर न करता, पाच मिनिटांत. पण खरं सांगते, हे सगळं एकट्या इसबगोलाने झालेलं नाही. मी साडेचारच्या ऐवजी चारला उठते, आणि चहा घेतला की सगळं टाकून आधी संडासात जाते, डबा राहिला तर राहिला, मुलगा मोठा झालाय, भरतो तो. कमोडसमोर पायाखाली आंघोळीचा प्लास्टिकचा स्टूल घेते, गुडघे वर आले की खालचा वाकडा मार्ग सरळ होतो, उकिडवं बसण्याचा तोच फायदा. बॅगेत पाण्याची बाटली आणि ती संपवायचीच. ऑफिसात टॉयलेटबद्दल आम्ही सहा जणींनी मिळून अर्ज दिलाय.

घरात आता सगळेच घेतात. आमच्या ह्यांचं कोलेस्टेरॉल थोडं जास्त आहे, त्यांच्या डॉक्टरनीच इसबगोल घ्या म्हणून सांगितलं, यातलं फायबर पित्तातले क्षार बांधून बाहेर नेतं आणि कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. अमेरिकेत १९९८ साली सरकारी परवानगी मिळाली हृदयविकाराच्या संदर्भात तसं पाकिटावर लिहायची, दिवसाला ७ ग्रॅम विरघळणाऱ्या फायबरचा हिशोब धरून. कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून हे घ्यायचं नाही, गोळी चालू ठेवूनच, तेच दोन तासांचं अंतर राखून.

संत्र्याच्या चवीचं पण एकदा आणलं, नाव घेत नाही. प्यायला सोपं, पण पाठीमागे वाचलं तर साखर भरपूर. घरात शुगरवालं कोणी असेल तर साधंच घ्या.

कोणी घेऊ नये हे नीट वाचा, इथे लोक काहीही सल्ले देतात. ज्यांना गिळायला त्रास होतो, अन्ननलिका अरुंद झालीय, पॅरालिसिसनंतर ठसका लागतो, त्यांना अजिबात देऊ नका, घशात फुगून अडकू शकतं. पोट टम्म फुगलंय, उलट्या होतायत, वारा पण सरत नाही, ते आतडं अडल्याचं लक्षण असू शकतं, तिथे इसबगोल नाही, सरळ हॉस्पिटल. आणि रक्त पडतंय, वजन उतरतंय, रक्त कमी भरलंय, किंवा वय पन्नाशीकडे असताना शौचाची सवय अचानक बदललीय तर माझ्यासारखं मूळव्याध समजून घरी बसू नका, दाखवून या. माझी चीर निघाली, पण ते तपासल्यावरच कळलं ना. सर्जनसमोर लाज वाटते हे मला मान्य आहे, मला पण वाटली, पाच मिनिटांची असते ती.

आता तो एक स्टार. पाकीट १०० ग्रॅमचं, बाहेर पुठ्ठ्याचा खोका, आत साधी पिशवी, तिला झिप नाही. पावसाळ्यात एकदा उघडलं की दमट हवेने गाठी होतात, माझं अर्धं पाकीट तसंच गेलं. लगेच कोरड्या काचेच्या बरणीत काढा आणि ओला चमचा घालू नका. पण त्याहून मोठी तक्रार म्हणजे "भरपूर पाण्यासोबत" हे वाक्य खोक्याच्या कडेला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात. जी एक गोष्ट चुकली तर माणूस गुदमरू शकतो ती समोर मोठ्या अक्षरात मराठीत, हिंदीत का नको? सासूबाई सत्त्याहत्तरच्या, लोहाच्या गोळ्यांनी त्यांचा पण कोठा धरतो, डॉक्टरना विचारून त्यांना सुरू केलंय, त्या इंग्रजी कुठून वाचणार. त्यांच्या बरणीवर मी मार्करने लिहून ठेवलंय, "आई, आधी ग्लास भरा, मग बरणी उघडा." रोज रात्री ग्लास भरला की त्या मला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवतात.