वर चढलेला क्लब टिकेल का: गुणतक्ता पाहावा की संघ?

प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, नव्याने आलेला क्लब टिकेल का याचं भाकीत करताना बहुतेक चाहते त्याने चॅम्पियनशिपमध्ये (तिच्या खालच्या, दुसऱ्या स्तरावरच्या लीगमध्ये) मिळवलेले गुण बघतात. सोपं आहे, पण फसवं. बर्नली २०२२-२३ मध्ये १०१ गुणांनी पहिला आला आणि पुढच्या हंगामात अवघ्या २४ गुणांवर खाली गेला. उलट, नॉटिंगहॅम फॉरेस्ट २०२२ मध्ये ८० गुणांवर, प्लेऑफमधून (बढतीच्या शेवटच्या जागेसाठीच्या बाद फेरीतून) वर आला आणि ३८ गुणांवर तरला.

दुसरी पद्धत कंटाळवाणी: संघ तपासायचा. क्लबला वर आणणाऱ्या खेळाडूंपैकी दुसऱ्या क्लबकडून हंगामापुरते उसने घेतलेले किती होते? बर्नलीचे टेला, मात्सेन, हार्वुड-बेलिस तिघेही उसनेच. हंगाम संपला, परत गेले. म्हणजे १७ गोल करणारा विंगर, डावा बॅक आणि एक सेंटर-बॅक एकदम गायब! ४६ सामन्यांत ३५ गोल खाणाऱ्या संघाने मग ३८ सामन्यांत ७८ खाल्ले. फॉरेस्टचेही उसने परतले होते, पण त्यांनी वीसहून जास्त खेळाडू घेतले. हा जुगारच, दरवेळी लागेल असं नाही.

माझा कौल दुसऱ्या पद्धतीला. फक्त भाकीत ऑगस्टमध्ये नको, खेळाडू-खरेदीची खिडकी (ठरलेली मुदत) बंद झाल्यावर करा. आणि ‘टिकायला ४० गुण हवेतच’ हा ठोकताळा विसरा: वीस संघांतले शेवटचे तीन खाली जातात, आणि २०२४-२५ मध्ये अठराव्या लेस्टरकडे फक्त २५ होते.