गोरिला ग्लास व्हिक्टस: पडण्याला पक्की, वाळूपुढे नाही

मोबाइलच्या स्क्रीनवर बसणारी कॉर्निंग कंपनीची ही काच जुलै २०२० मध्ये आली. २ मीटरवरून कठीण पृष्ठभागावर पडूनही टिकते आणि इतर कंपन्यांच्या अॅल्युमिनोसिलिकेट (अॅल्युमिनियमयुक्त मजबूत) काचेच्या चौपटीपर्यंत चरे सोसते, असे दोन दावे कंपनीने केले. पहिला दावा महत्त्वाचा आहेच, पण घेणाऱ्याची फसगत होते ती दुसऱ्यात.

अशी काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. सोडियमसारखे लहान आयन (विद्युतभारित कण) बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन दाटीवाटीने बसतात. त्यामुळे पृष्ठभाग सतत दाबाखाली राहतो आणि बारीक चिरेला फाकायला वाव मिळत नाही. मात्र काचेचा कठीणपणा याने थोडाच वाढतो. चरा पडतोच, फक्त त्याची तडकन भेग होत नाही, कडेने पांढरे टवकेही कमी उडतात. चौपटीचा अर्थ एवढाच घ्यावा.

मोसच्या पट्टीवर (कठीणपणा मोजणारी १ ते १० ची श्रेणी) या काचेला ६ च्या आसपास पुसट रेघा उठतात, ७ ला खोल चर जातो. किल्ल्या, नाणी, साधी सुरी यांची भीती नको, ती सगळी त्याखाली आहेत. वैरी आहे वाळू: तिच्यातली गारगोटी ७ ची. समुद्रावरून आल्यावर खिशात चार कण राहिले तरी पुरे. स्क्रीन कोरड्या कापडाने घासू नका. आधी फुंकर मारून कण उडवा, मग ओलसर मायक्रोफायबर हलक्या हाताने फिरवा.

स्क्रीनवर चिकटवायच्या टेम्पर्ड काचेच्या गार्डवरचा '९ एच' हा पेन्सिलच्या कसोटीचा आकडा आहे, मोसचा ९ म्हणजे नीलम नव्हे. तरीही गार्ड लावाच. तोही वाळूने चरतो, पण बदलता येतो. लावताना धूळ स्टिकरने उचला, नाहीतर अडकलेल्या कणाभोवती बुडबुडा राहतो.

चऱ्यावर टूथपेस्ट घासू नका. तिच्यातल्या घासणाऱ्या बारीक कणांनी आधी बोटांचे डाग टाळणारा लेप जातो, चरा तसाच राहतो. सिरियम ऑक्साइडने (काच घासून चकाकवायची पूड) चरा काढता येतो, पण दाबाचा थर मुळात अगदी पातळ. खोल चऱ्यासाठी तो घासून काढला, की ज्या ताकदीसाठी व्हिक्टस घेतली तीच कमी होते. पुसट चरा तसाच राहू द्यावा. बोटाच्या नखाला लागणारा चरा असेल, तर काच बदलण्याचा खर्च विचारून घ्यावा.