पाखरांचं ताट घ्या, दाण्याचा डबा राहू द्या

‘बर्ड किट’ या नावाने हल्ली ऑनलाइन आणि काही नर्सरींत एक संच मिळतो. त्यात लोखंडी तिवईवर ठेवायचं मातीचं ताट, टांगायचा ॲक्रिलिकचा दाण्याचा डबा आणि प्लायवूडची घरट्याची पेटी असते. गोव्यातल्या परसासाठी यातलं ताट फार चांगलं आहे, पेटीत थोडी दुरुस्ती लागते आणि डबा आपल्या हवेत चालणारा नाही. सुट्या वस्तू मिळत असतील तर फक्त ताटच घ्या. तसंच ताट डिचोलीच्या कुंभारांकडून उथळ घडवून घेता आलं तर त्याहून बरं.

संचातलं ताट ३८ सेंमी रुंद, मध्यभागी ६ सेंमी खोल आणि बिनझिलईचं आहे. झिलई नाही हेच त्याचं मोठं बळ. पाणी छिद्रांतून झिरपून बाहेर वाळतं, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारीही माठातल्यासारखं गार राहतं, आणि खरबरीत काठावर पक्ष्याचा पाय घसरत नाही. चुकलंय ते खोलीच्या बाबतीत. बुलबुल किंवा दयाळाला आंघोळीला २ ते ४ सेंमी पाणी हवं. ६ सेंमी पाण्यात ते उतरत नाहीत, काठावरून दोन घोट पितात आणि उडून जातात. ‘ताट ठेवलं, पण पक्षी न्हायला येत नाहीत’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

उपाय अगदी साधा आहे. मध्यभागी नदीतला चपटा गोटा किंवा चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तुकडा असा ठेवा की त्याचा माथा पाण्याबाहेर राहील आणि एक बाजू उतरती पाण्यात जाईल. ताज्या चिऱ्याची तांबडी भुकटी सुटते, म्हणून तो आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा. मग दयाळ कसा येतो पाहा. आधी गोट्यावर उतरतो, शेपटी ताठ उभी करून चारी बाजूंना बघतो, चोच बुडवतो, पुन्हा बघतो. खात्री पटली की छातीपर्यंत पाण्यात बसतो आणि पंख असे फडफडवतो की पाणी ताटाबाहेर उडतं. नंतर जवळच्या करवंदीत शिरून एकेक पीस चोचीने साफ करत बसतो.

ती करवंदी किंवा जास्वंद ताटापासून दोन-तीन मीटरवर असावी. अगदी लगत झुडूप असेल तर मांजराला दबा धरायला जागा मिळते, आणि फार लांब असेल तर भिजल्या पंखांनी पक्ष्याला तिथवर पोचणं जड जातं.

तिवईचं म्हणाल तर तिची कडी अरुंद आहे. काठावर कावळा किंवा भारद्वाज बसला की ताट कलंडतं. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत जोडांपाशी रंग सुटून गंजही लवकर धरतो. तिच्याऐवजी दोन चिरे एकावर एक रचा, बुलबुलांना तेवढी उंची पुरते. जागा असेल तर दुसरं ताट आंबा-फणसाच्या सावलीत थेट जमिनीवर, पाचोळ्यात ठेवा. पाचोळा उलथून किडे टिपणारा कस्तुर तिथेच येतो, बहुधा संध्याकाळी उजेड उतरताना. हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक आला तर तो ताटात बसणार नाही. वरच्या फांदीवरून सूर मारून पाण्याला छाती टेकवेल आणि परत फांदीवर जाईल. त्याच्यासाठी ताटावर दोन-तीन मीटर मोकळी जागा आणि वर एक उघडी फांदी ठेवा.

आता डासांचं. नुसतं पाणी बदलून भागत नाही. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या मातीला चिकटवतो. जवळून पाहिलं तर काजळीच्या बारीक कणांसारखी दिसतात. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या उष्णतेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पाणी रोज ओतून टाका आणि आठवड्यातून दोनदा नारळाच्या सोडणाने ताट आतून, काठासकट घासा. साबण नको, तो मातीत मुरतो. नवं ताट आधी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पहिले काही दिवस पाणी तेच पिऊन टाकेल.

जूनमध्ये ताट धुऊन, वाळवून वळचणीला उपडं ठेवा. वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस जिथे पडतो तिथे तेव्हा पाखरांना पाण्याची वाण नसते, आणि बाहेर राहिलेल्या ताटावर शेवाळ चढतं. ऑक्टोबरात परत मांडा.

डबा नको म्हणण्याची कारणं ठोस आहेत. आपल्या परसातले बहुतेक पक्षी दाणे खाणारे नाहीतच. दयाळ, शिंपी किडे टिपतात, कुटुरगा आणि हळद्या फळांवर असतात, शिंजीर मधावर. डब्यावर येतात ती कबुतरं, खारी, क्वचित मुनिया. दमट हवेत बाजरी दोन-तीन दिवसांत गोळा होते, बुरशी धरते, आणि बुरशीचा दाणा पक्ष्याला आजारी पाडतो. खाली सांडलेल्यावर रात्री उंदीर येतात, उंदरांमागे साप. त्या पैशांत एक कढीपत्ता आणि एक शेवगा लावा. कढीपत्त्याच्या काळ्या फळांवर बुलबुल आणि कोकीळ तुटून पडतात, त्याच्या पानांवर मॉरमॉन फुलपाखराची अळी वाढते. शेवगा फुलला की शिंजीर दिवसभर तिथून हलत नाहीत.

पेटीचं भोक ३२ मिमीचं आहे, म्हणजे चिमणीच्या मापाचं. चिमण्यांचा वावर असेल तिथे ती तशीच लावा. दयाळासाठी ते ५ सेंमीपर्यंत वाढवा, किंवा पुढच्या फळीचा वरचा अर्धा भाग काढून टाका. भोकाखालची काडी उपटून फेका. पक्ष्याला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र बसायला आधार होतो. तळाला ६ मिमीची चार भोकं पाडा. तोंड नैर्ऋत्येला करू नका, पावसाची झड तिकडूनच येते. माडाला तर बांधूच नका: झावळी पडते, आणि पेटी पाडेल्याच्या, म्हणजे नारळ काढायला चढणाऱ्याच्या, वाटेत येते. सावलीतली भिंत बरी, जमिनीपासून अडीच-तीन मीटरवर. दयाळाची वीण मार्चपासून सुरू होते, म्हणून पेटी जानेवारीतच लावून ठेवा. कधी कधी तिच्यात सातेरी मधमाश्या पोळं करतात. तसं झालं तर धूर करू नका, औषध मारू नका. पेटी त्यांना राहू द्या आणि दयाळासाठी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला वेगळी लावा.